काळ्या पडद्यावरचा राम राम

नातवानं लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली, की मला सरकीचा वास येतो आणि माझा सगळ्यात हुशार गाढवपणा आठवतो. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कामाला होते; तिथल्या जुन्या डॉस कॉम्प्युटरवर मालकांच्या वारलेल्या मुलानं लिहिलेला वजनाचा प्रोग्राम होता. सुरू होताना इंग्रजी अक्षरांत 'राम राम, बाबा' उमटायचं. माझा नवा प्रोग्राम जागेअभावी कम्पाइल होईना, म्हणून कॉम्प्युटरचा क्लास शिकलेल्या बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, तो जुना पुसला. दुसरी प्रत कुठंच नव्हती. माझा मात्र झकास चालला. मी शाबासकीची वाट बघत उभी! सकाळी मालकांनी कीबोर्डवरचा कापूस फुंकला, पडद्यापुढे बसले, बसूनच राहिले. मग म्हणाले, "पोरी, मशीन तं चांगली चालून राह्यली, पन आज मले राम राम कोनंच नाही केला वं."