वॉर्निश लागायच्या आधी

बारावीनंतर मी कॉलेजात न जाता विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळणं, शिकणार, असं जाहीर केल्यावर आमच्या तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये चार दिवस कुणी धड जेवलं नाही. घोकंपट्टीने माझं डोकं उठायचं, आणि बंद पडलेला पंखा उघडून बसले की दुपार कुठे गेली कळायचं नाही. पण हे सचिवालयात कारकून असलेल्या बाबांना कोण समजावणार? शेवटी त्यांनी अट घातली, "तीन महिने. उस्तादांची एक जरी तक्रार आली, तर गुपचूप कॉलेजचा फॉर्म भरायचा."

वर्कशॉप बरखेड्याच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तिथे काम शिकवणारे उस्ताद, मी आणि जळक्या मोटारी. तांब्याच्या तारेवर पातळ लेप असतो. तो खरवडला गेला, तर करंट मोटारीच्या अंगात उतरतो आणि हात लावणाऱ्याच्याही. म्हणून तारा मोटारीच्या खाचेत सारायला लोखंड चालत नाही, बांबूची पट्टी लागते. पहिला अख्खा दिवस उस्तादांनी मला पट्ट्याच तासायला बसवलं होतं. मी मनातल्या मनात त्यांना खूप बोलून घेतलं होतं.

तीन महिने संपत आले होते, तेव्हा पिठाच्या चक्कीची मोटार आली. चक्कीवाल्याने ती खाली ठेवताना म्हशीला थोपटावं तशी थोपटली. उस्तादांनी ती पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती दिली.

शेवटच्या खाचेत पट्टी मोडली. नवी तासायला वेळ लागला असता, आणि मला जेवणाआधी काम संपवून मिरवायचं होतं. लोखंडी पेचकस हाताशीच होता. उस्तादांची पाठ बघितली आणि घातला आत. तारा बसल्या, पण बारीकसं कर्र झालं.

उस्तादांनी तपासायचा बल्ब लावला. करंट मोटारीच्या अंगात उतरत असेल तर तो पेटतो. तो पेटला नाही, म्हणजे मोटार पास. "वाह बिटिया!" म्हणत ते वॉर्निशचा डबा उघडायला वळले. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला 'वाह' होता. वॉर्निश लागलं, मोटार भट्टीत भाजली की सगळं दगडासारखं घट्ट. मग खरवडलेला लेप पुढे कधीतरी दगा देईपर्यंत आतलं कुणालाच दिसणार नव्हतं.

शाळेत मी बारा वर्षं हेच केलं होतं. येत नसलं की अक्षर गिचमिड काढायचं, सरांच्या लक्षात नाही आलं की सुटले. पण इथे चक्कीवाल्याचं ते मोटार थोपटणं डोळ्यांसमोरून हलेना. सांगितलं तर तक्रार होणार, आणि फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती.

ब्रश डब्यात बुडाला आणि मी ओरडलेच, "उस्ताद, रुकिए! मैंने पेचकस डाला था."

त्यांनी ब्रश डब्याबाहेर काढला. "किस खाँचे में?"

मी बोट ठेवलं.

"निकालो. पूरा ग्रुप निकालो."

मी तारांचा तो सगळा गट उपसत होते तेवढ्यात स्कूटर थांबली. तक्रार असेल तर लगेच माझी सही घ्यायला बाबा फॉर्म घेऊन आले होते. त्यांनी आत येताच विचारलं, "कोई शिकायत?"

"है साब," उस्ताद म्हणाले. "लोहा लगा दिया इसने. सुबह का सारा काम गया."

झालं, मी मनात म्हटलं. संपलं.

"चल," बाबा म्हणाले. "पुरे झालं आता."

"पूरी बात सुनिए," उस्तादांनी ब्रश पुसला. "बल्ब ने पास कर दिया था. मुझे तो पता भी न चलता. खुद बोली है."

पंचवीस वर्षं फायलींमध्ये काढलेल्या माणसाला, चूक झाल्यावर लोक काय करतात, हे मी काय सांगणार? मी मान वर न करता म्हटलं, "बाबा, हे असं उघडं टाकून मी येणार नाही."

ते त्या विस्कटलेल्या तारांपाशी वाकले. मग मला विचारलं, "चक्कीवाल्याला कधी मिळेल?"

"उद्याचा अख्खा दिवस लागेल."

बाबांनी फॉर्मची घडी केली आणि खिशात ठेवली.

"मग उद्या तुला लवकर सोडतो," ते म्हणाले.