पंपावरच्या तात्यांचं सांगणं

बारामती ते इंदापूर या पट्ट्यात एखाद्या माणसानं सगळ्यात जास्त दारं ठोठावली असतील, तर ती आमच्या पंपावरच्या तात्यांनी, आणि तीही एकदासुद्धा निवडणुकीला उभं न राहता. आमच्या विद्यापीठाच्या कॅम्पसवर पाण्याचा पंप सुरू करणं आणि बंद करणं एवढंच त्यांचं काम, पगारही तेवढ्याचाच. पण कुणाच्या जिवाला अपाय होईल असं काही कॅम्पसवर घडलं, घडायच्या बेतात असलं, किंवा घडू शकेल असं त्यांच्या नुसतं मनात आलं, की तात्या पंपाच्या खोलीला कुलूप घालत, पायजमा घोट्याच्या वर ओढत आणि निघत. लोंबणारी वायर, वसतिगृहात आलेली डोळ्यांची साथ, ग्रंथालयामागं निघालेली घोणस, टाकीच्या जिन्याची सुटलेली पायरी, सगळं ते दारोदार जाऊन सांगत. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. मी एकदा विचारलंही, "तात्या, हे सगळं करायला तुम्हाला कुणी सांगितलंय?" तर म्हणाले, "कुणी कुणाला सांगत न्हाय, म्हणून तर मला सांगावं लागतंय." कप्पाळ!

मी केमिस्ट्री शिकवते. सोळा वर्षांपूर्वी इथं नोकरीला लागले, तेव्हा मला मिळालेलं क्वार्टर ओळीतलं शेवटून दुसरं होतं आणि शेवटचं तात्यांचं. माझं सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. हातात कुकर, कडेवर गादीची गुंडाळी, अशा अवतारात मी असताना अर्ध्या पिकल्या मिशांचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही, थेट सुरुवात. "मॅडम, तुमच्या मोरीच्या पायपात विंचू असत्यात. चप्पल झटकल्याबिगार पाय घालायचा न्हाय. काय सांगितलं?" मी म्हटलं, "हो हो, ठीक आहे." "ठीक न्हाय. काय सांगितलं ते म्हणा." डॉक्टरेट मिळून मला जेमतेम दोन महिने झाले होते, डोक्यात हवा होती. पण त्या माणसाच्या नजरेत असं काही होतं, की मी कुकर छातीशी धरून दुसरीतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं, "चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही." मग कुठं त्यांचा चेहरा सैल पडला. "शेजारीच राहतो," ते म्हणाले, "सामान लागलं की चहाला या."

हे "म्हणा" प्रकरण म्हणजे तात्यांची खरी पद्धत. 'हो' म्हणणारा माणूस ऐकत नसतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तीस वर्षं वर्गात उभं राहून आम्हा प्राध्यापकांना जे कळत नाही ते त्यांना पंपाच्या खोलीत बसून कळलं होतं. ऐकणाऱ्यानं ते स्वतःच्या तोंडानं म्हणेपर्यंत तात्या दारातून हलत नसत, मग तो शिपाई असो की संचालक. एकदा आमचे संचालक दिल्लीहून आलेल्या तपासणीच्या पाहुण्यांना बाग दाखवत होते. तात्या तरातरा आडवे आले. "साहेब, कॅन्टीनमागं घोणस निघालीय. तिकडच्या गवतात पाय टाकायचा न्हाय. काय सांगितलं?" संचालक लालबुंद. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, खाकरून पाहिलं, छे! तात्या आपले उभेच. शेवटी भर बागेत, टाय लावलेल्या त्या माणसानं पुटपुटत म्हटलं, "गवतात पाय टाकायचा नाही." पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांना ही इकडची स्वागताची रीत वाटली असावी. त्यांनीही हात जोडून हिंदीत तेच वाक्य म्हटलं. तात्यांना तो माणूस फार आवडला.

आणि सांगण्यात अतिशयोक्ती औषधाला नाही. आमचे काही सहकारी दोरी बघून नाग सांगतात. तात्या नाग निघाला तरी आधी लांबी सांगत. "धामण हाय. इखारी न्हाय. मारू नका, भिऊबी नका, नुसतं म्हाईत असावं म्हणून सांगतोय." डेंग्यूच्या दिवसांत ते क्वार्टरा-क्वार्टरांतून फिरून कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करत. माझ्या खिडकीत मनीप्लँटची बाटली होती, ती त्यांनी उजेडात धरली आणि आतल्या वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्या. "मॅडम, तुमी येवढ्या शिकलेल्या, आन् घरात डास पाळताय व्हय?" मी बाटली मोरीत ओतली. पदवीदान समारंभाच्या वेळी सभागृहाच्या छज्ज्याला आग्यामोहोळ लागलं होतं, तेव्हा तर कहर झाला. अत्तराच्या वासानं माश्या उठतात, म्हणून तात्या प्रवेशद्वारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घेत होते. प्रमुख पाहुणे घमघमत आले. त्यांना तात्यांनी बाजूला नेलं, ओल्या फडक्यानं त्यांच्या मानेवरचं अत्तर स्वतः पुसलं, आणि मग म्हणाले, "आता जावा, भाषान करा." त्या दिवशी एकही माशी उठली नाही, भाषण मात्र तास झाला तरी उठेना.

उसाचा हंगाम सुरू झाला की तात्यांना धड जेवण जात नसे. आमच्या गेटासमोरून कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागे, एकेकाला मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि लाल दिव्याच्या नावानं शंख. संध्याकाळी मोटारसायकलवरून लासुर्ण्याकडं, भवानीनगरकडं घरी जाणारी पोरं तात्या गेटावर अडवत. "ट्रॉली दिसत न्हाय रं. दिसतो तो ऊस, आन् तो दिसंस्तवर तू त्यात घुसलेला आसतोस. सावकाश जायचं. म्हण." पोरं चेष्टा करत, सुरात म्हणत, कुणी कुणी त्यांची नक्कल गॅदरिंगला करून बक्षीसही मिळवलं. तात्या पहिल्या रांगेत बसून हसले. म्हणाले, "चेष्टा का हुईना, तोंडपाठ झालं न्हवं?"

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू. लहानपणी हंडाभर पाण्यासाठी शेजारच्या वस्तीपर्यंत गेलेली बाई. त्यामुळं नळ सोडला की पाणी येतं याचं त्यांना म्हातारपणापर्यंत अप्रूप होतं, आणि ते पाणी आपल्या नवऱ्याच्या पंपाचं, याचं तर विचारूच नका. कुणी पाहुणा आला की तांब्या पुढं करून म्हणायच्या, "घ्या, ह्यांच्या पंपाचं हाय." एरवी फार बोलत नसत. तात्या दोघांचं मिळून बोलतात, अशी आमच्या ओळीत चेष्टा होती.

पुढं विद्यापीठानं सुरक्षा समिती नेमली. समितीचा व्हॉट्सॲप गट झाला, त्यात सगळे आले, एक तात्या सोडून, कारण त्यांचा फोन बटणांचा. सूचना आता अध्यक्षांच्या सहीनं निघू लागल्या. "बरं झालं," तात्या म्हणाले, "माझे पाय दुखत्यात." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसच्या नळीबद्दल सांगायला हजर!

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. केबलसाठी खोदकाम चाललं होतं आणि जेसीबीच्या दातानं मैलापाण्याची लाईन फुटली, ती नेमकी पिण्याच्या पाईपाशेजारी. तात्यांना सकाळी पंपाच्या खोलीत वास आला. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर टाक्यांत पाणी चढलेलं. समितीच्या अध्यक्षांना त्यांनी फोन लावला, तर उत्तर आलं, मसुदा करावा लागेल. तात्यांनी मसुद्याची वाट पाहिली नाही. मुलांचं वसतिगृह, कॅन्टीन, मग क्वार्टरांची ओळ, एकेक दार. माझ्यापर्यंत आले तेव्हा आवाज बसला होता. "नळाचं पाणी प्यायचं न्हाय, सैपाकाला न्हाय, चूळसुदीक भरायची न्हाय. भरलेलं ओतून द्यायचं. म्हणा." मी म्हटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलींच्या वसतिगृहात आचाऱ्यानं चहाचं आधण ठेवलं होतं. तात्या तसेच उलट पावली पळत सुटले.

माझ्यानंतर एकच दार राहिलं होतं, त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. आपल्याच घरी कोण सांगायला जातं?

चार वाजता मी अंगणात कपडे काढत होते. तात्या पाय ओढत आले आणि पायरीवर टेकले. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. काकींनी नेहमीसारखा तांब्या आणून दिला. तो त्यांनी तोंडाला लावला आणि लगेच बाजूला केला.

"ह्ये कुठलं?"

"माठातलं. सकाळी भरलंय, गार हाय."

"तू प्यालीस?"

"म्हंजे काय! ऊन कसलं पडलंय."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. मी हातातली चादर तशीच धरून उभी. ज्या माणसाला मी इतकी वर्षं गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, तो नुसता बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना काकींना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. दुपारपर्यंत त्या उठूनही बसेनात. बारामतीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार गेलंय, मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत, दोन दिवस काही सांगता येणार नाही. एवढ्या मोठ्या कॅम्पसवर, वसतिगृहांत आणि क्वार्टरांत मिळून, दवाखान्यात पोचलेल्या त्या एकट्याच. वसतिगृहातल्या मुली भेटायला आल्या, "तात्या, तुमच्यामुळं आम्ही वाचलो" म्हणाल्या. बिचाऱ्यांना वाटलं, बरं वाटेल. तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. समितीची सूचना तिसऱ्या दिवशी गटात आली, सुबक, क्रमांक घातलेली, खाली सही. मला इतका संताप आला की मी तो गटच सोडला.

तिसऱ्या दिवशी काकींनी डोळे नीट उघडले. तात्या खाली औषधं आणायला गेले होते आणि मी एकटी उशाशी होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, येक सांगते. ह्यांस्नी सांगू नका."

"बोला की."

"मी ऐकलं हुतं. तुमच्या दारात सांगत हुते तवा मी चुलीम्होरं भाकऱ्या थापत हुते. समदं ऐकू आलं."

"अहो काकी, मग?"

"मग काय! म्हनलं, आपल्या नळाला तसलं काय आसतं तर मला पयलं सांगितलं आसतं की. साऱ्या दुनियेला सांगत्यात, मला न्हाय व्हय सांगायचे?" आणि सुकलेल्या ओठांनी हसल्या. मला मेलीला तिथं रडूही येईना, कारण तात्या जिना चढत होते.

काकी वाचल्या. घरी आल्या, महिन्याभरात पुन्हा भाकऱ्या थापू लागल्या. तात्या मात्र बदलले, म्हणजे सांगण्याचा क्रम बदलला. सकाळी काही सांगायचं असलं की ते घराबाहेर येत, दार ओढून घेत आणि स्वतःच्याच घराची कडी वाजवत. काकी पिठाचे हात पुसत यायच्या. "पाण्याच्या टाकीवर गांधीलमाश्या हायत. तिकडनं जायचं न्हाय." काकी मुकाट्यानं म्हणून दाखवायच्या, दार लागायचं, आणि मग तात्या माझ्याकडं. आमच्या ओळीतली पोरंटोरं हे बघून फिदीफिदी हसायची. मीही हसायचे, आत जाऊन डोळे पुसायचे.

गेल्या वर्षी तात्या निवृत्त झाले आणि लासुर्ण्याला मुलाकडं राहायला निघाले. आता पंपाला आपोआप चालूबंद होणारं यंत्र बसलंय. विंचू निघतात, वायरी लोंबतात, आणि मला ते दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कळतं. खरं सांगते, फार पोरकं वाटतं. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढलं, काकी कुंड्या मोजत होत्या, आणि तात्या माझ्या अंगणात आले. कपडे वाळत घालायची तार घट्ट आहे का, ते ओढून पाहिलं.

"मॅडम, येक विचारू? त्या दिशी मी तुमच्या दारात सांगत हुतो. ती आत हुती. तिला ऐकू गेलं आसंल का हो?"

तीन वर्षं हा माणूस हे उराशी घेऊन वावरत होता. ऐकू गेलं होतं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग ती प्याली कशाला? आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. खोटं बोलायला माझी जीभ चाचरते, पण त्या दिवशी चाचरली नाही.

"नाही तात्या. मी विचारलं होतं काकींना. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं."

तात्यांनी हळूच श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले. "ऐकूनबी माझ्या भरवशावर प्याली आसती, तर मला सोसलं नसतं." आणि काकींना टेम्पोत चढायला हात द्यायला गेले.