समुद्राची तीन दरपत्रकं

सासऱ्यांना समुद्रापासून लांब ठेवण्यासाठी मी त्यांना तीन वेगवेगळ्या यंत्रांतून समुद्र दाखवला. आज हे वाक्य लिहिताना त्यातला घोळ माझ्याही लक्षात येतो, पण त्या श्रावणात तो आला नव्हता. मी एका सरकारी कचेरीच्या खरेदी शाखेत आहे. आमच्याकडे चूक जरी करायची झाली, तरी ती तीन दरपत्रकं मागवून, तुलनात्मक तक्ता करून, रीतसर केली जाते.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, करंज्याचे. सगळा जन्म मासेमारीत गेलेला. पावसाळ्याच्या तोंडावर बोट किनाऱ्याला ओढताना त्यांचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की नारळी पौर्णिमेनंतर दहा दिवसांनी मी पुन्हा तपासेन, तोपर्यंत बोटीवर चढायचं नाही. हाड परत हललं तर ऑपरेशन, आणि मग दर्या कायमचा बंद. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात उतरतात, आणि त्या दिवशी आप्पा करंज्यात असले तर त्यांना ब्रह्मदेवही किनाऱ्यावर बसवू शकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून माझी बायको वैशाली त्यांना आमच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये घेऊन आली.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आप्पा दिवसभर बसायचे आणि समोरच्या बांधकामाच्या क्रेनकडे बघून वारा कुठला आहे ते सांगायचे. जेवण अर्ध्यावर आलं. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि वैशालीने ती लपवली. सासूबाईंचा फोन आला, "जावय, म्हातारा तुमच्यावर सोडलाय." वैशाली स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. अशा वेळी समंजस माणूस गप्प बसतो. मी फोनवरच म्हणालो, "काळजी करू नका, मी समुद्रच घरी आणतो."

मला म्हणायचं होतं तो व्हीआर हेडसेट. त्या काळात त्याची हवा होती. डोळ्यांवर डबा बांधायचा, की आपण घरात असूनही घरात नसतो. (हे सुख मी ऑफिसात डब्याशिवायही घेत आलो आहे.) खालच्या मजल्यावरच्या नसीरभाईंकडे एक चांगलाच होता. नसीरभाई बरीच वर्षं दुबईला होते, आता बाजारात त्यांचं सुक्या मेव्याचं दुकान आहे. मुलाने तिकडून पाठवलेलं हे यंत्र त्यांच्याकडे खोक्यातच पडून होतं. "अहो, घेऊन जा ना. माशाल्ला, एकदम अव्वल चीज आहे. मला चक्कर येते, म्हणून बंद ठेवलंय," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की एकाच ठिकाणचं बघून निर्णय घेणं नियमात बसत नाही. आधी किमान दोन पर्याय तपासले पाहिजेत. नसीरभाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला मराठीत कीव म्हणतात.

मी वहीत तक्ता आखला. चित्राचा स्पष्टपणा, वजन, नाकाला होणारा त्रास आणि सासऱ्यांचा अभिप्राय, असे चार रकाने.

पहिला हेडसेट पुठ्ठ्याचा. तो घडी घालून आपणच तयार करायचा आणि आत आपला मोबाइल सरकवायचा. घडी घालण्यात माझा रविवार गेला आणि एक बाजू उलटी बसली, ती चिकटपट्टीने सुलटी केली. आत समुद्राचा व्हिडिओ लावला आणि डबा आप्पांच्या डोळ्यांना धरला. आप्पा इकडे तिकडे मान फिरवू लागले. चेहऱ्यावर हसू यायला लागलं. वैशालीने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं (लग्नानंतर हा प्रकार मोजक्याच वेळा घडला आहे). तेवढ्यात मोबाइल थरथरला.

"अक्षरं आली पान्यावर," आप्पा म्हणाले, आणि एकेक अक्षर लावत वाचू लागले. "सा-सू-बा-ई. उ-च-लू न-ये."

क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या मोबाइलमधली खाजगी नोंद झळकत होती. मी पुढचा अर्धा तास वैशालीला समजावत होतो की ती नोंद फक्त ऑफिसच्या वेळेपुरती आहे. तक्त्यात पुठ्ठ्याच्या हेडसेटपुढे मी लिहिलं, 'गोपनीयतेच्या दृष्टीने अयोग्य'.

दुसरा बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातून आणला. प्लास्टिकचा, डोक्याला पट्टे, बाजूला भिंग फिरवायचं चाक. या वेळी मी मोबाइलच्या सगळ्या दारं-खिडक्या बंद केल्या. हेडसेट आप्पांच्या डोक्याला बांधला आणि त्यांना आरामखुर्चीत बसवलं. आप्पा हलले नाहीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एका तासानंतरही ते समाधीत असल्यासारखे शांत बसलेले. मी चवड्यांवर चालत जाऊन वैशालीला बोलावून आणलं आणि दारातून तो सोहळा दाखवला. तक्त्यात पैकीच्या पैकी गुण दिले. एवढंच नाही, नसीरभाईंना फोन करून कळवलं की तुमच्या यंत्राची गरज भासेल असं वाटत नाही.

मग मी हळूच विचारलं, "आप्पा, कसं वाटतंय?"

"धुका हाय," आप्पा म्हणाले. "काय दिसत नाय. निघंल तवा निघू."

श्रावणातली पनवेलची दमट हवा आणि आप्पांचा श्वास, यांनी पहिल्या पाच मिनिटांतच भिंगं पांढरीफटक केली होती. धुक्यात बोट हाकायची नाही या आयुष्यभराच्या शिस्तीला धरून आप्पा तासभर धुकं निवळायची वाट बघत बसले होते. वर म्हणाले, "पन बरा वाटला. कोन बोलत नवता." हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही. तक्त्यातले गुण खोडले, त्यावर सही केली आणि नसीरभाईंना पुन्हा फोन लावला.

नसीरभाई स्वतः यंत्र घेऊन वर आले. दोन्ही हातांत धरायच्या मुठी, आत मोबाइल घालायची भानगड नाही, चित्र असं की हात लावावासा वाटावा. वयस्कर माणसाला देण्याआधी जबाबदार व्यक्तीने चाचणी घ्यावी म्हणून मी आधी डोक्याला चढवलं. मासेमारीची बोट आणि उसळता समुद्र असा देखावा निवडला. नसीरभाई म्हणाले, "साहेब, बसून बघा." मी उभाच राहिलो, कारण करंज्याच्या जावयाने बसून समुद्र बघणं मला कमीपणाचं वाटलं.

पहिली लाट आली तेव्हा मी हसलो. दुसऱ्या लाटेला गुडघे वाकवले. तिसऱ्या लाटेला बोटीचा कठडा दिसला तो दोन्ही हातांनी घट्ट पकडला. पावसाळ्यात आमचे कपडे हॉलमध्येच वाळतात, आणि तो कठडा म्हणजे कपड्यांचा स्टँड होता. तो नसीरभाईंच्या अंगावर गेला. मी हेडसेटसकट बेसिनकडे धावलो, तर कपाट आडवं आलं. मग पोटाने निर्णय स्वतःच्या हातात घेतला. दारापाशी ओल्या छत्र्या निथळायला ठेवलेली बादली होती, तिच्यात मी वाकलो. बादलीत त्या वेळी एकच छत्री होती, आणि ती नसीरभाईंची होती.

नसीरभाई माझ्या बनियनखालून बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "मी सांगितलं होतं, चक्कर येते." तो माणूस आजही मला ओळख देतो, हा त्याचा मोठेपणा.

मग आप्पा उठले. काठी खुर्चीला टेकवली, हेडसेट घातला आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. लाटा त्याच, पण आप्पा तसूभर हलले नाहीत. वारा एकीकडचा आणि लाट दुसरीकडची दाखवलीय, असं सुरुवातीला कुरकुरले. मग त्यांचा उजवा हात हळूहळू पुढे गेला आणि हवेतला दोर धरून राहिला. वैशाली माझ्या दंडाला धरून उभी होती. मला अगदी भरून आलं. एवढ्या खटपटीनंतर मी खरोखरच समुद्र घरी आणला होता.

आप्पांनी हेडसेट काढला. डोळे ओले होते.

"जावय, लय भारी हाय," ते म्हणाले. "आता माजी पिशवी द्या. मी चाललो."

मी सर्वोत्तम यंत्र निवडलं होतं, यात शंका नाही. पुठ्ठ्याने त्यांना हसवलं, प्लास्टिकने थोपवलं, आणि जे खरोखर चांगलं होतं त्याने दर्याची अशी ओढ लावली की ते जिना उतरायला लागले.  वैशालीने माझीही पिशवी भरली आणि सांगितलं, "ही आग तुम्ही लावलीत. आता त्यांच्याबरोबर जा, आणि डॉक्टरांच्या तारखेपर्यंत त्यांना बोटीवर चढू देऊ नका."

नारळी पौर्णिमा पार पडली. दुसऱ्या दिवशी पहाटे बोट निघाली तेव्हा आप्पा फक्त निरोप द्यायला म्हणून धक्क्यावर आले, आणि मी चप्पल चिखलातून सोडवेपर्यंत बोटीत चढलेसुद्धा. त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून मीही चढलो. पुढचा वृत्तांत देण्यासारखा नाही. इतकंच सांगतो, की घरातला समुद्र डोक्यावरून काढून ठेवता येतो. करंज्याचा किनारा अजून दिसत होता तोवर मी असा काही आडवा झालो की खलाशांना बोट मागे फिरवावी लागली. हंगामातली पहिली बोट हार-फुलांसकट, मासळीऐवजी जावई घेऊन परत आली. धक्क्यावरच्या बायका पदर तोंडात धरून हसत होत्या.

मला वाटलं, मला उतरवून आप्पा पुन्हा जातील. पण आप्पा माझ्यामागून उतरले. जावई घरात आजारी पडलेला असताना सासरा दर्यात गेला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा तिथला हिशेब. ते माझ्या उशाशी येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत होतो. तसं वैशालीला फोनवर कळवलं, तर ती म्हणाली, "बरे झालात तर माझ्याशी गाठ आहे. तारीख येईपर्यंत झोपून राहा." मी झोपून राहिलो. सासूबाई आधी पेज देत होत्या, मग माझा अशक्तपणा बघून मावरा सुरू झाला, कोळंबी आली, बोंबील आले, खेकडे आले. मी कण्हत कण्हत सगळं संपवत होतो. आप्पा रोज सकाळी विचारायचे, "आज कसा हाय?" आणि मी क्षीण आवाजात "आहे तसंच" म्हणायचो. एकदा खेकड्याची नांगी फोडताना त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आजार मोठा हाय."

तारखेला आम्ही सगळे पनवेलला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो बघितला, घोटा दाबून पाहिला आणि हाड उत्तम जुळल्याचं सांगितलं. उद्यापासून दर्यात जायला हरकत नव्हती. वैशालीने आप्पांचा हात घट्ट धरला. मग डॉक्टरांनी विचारलं की यांना इतके दिवस घरात बसवलंत तरी कसं? डॉक्टरांचे स्वतःचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एक मिनिट घरात थांबत नव्हते. आम्ही हेडसेट वापरल्याचं वैशालीने मघाशी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी मला विचारलं की त्यातला नेमका कोणता घ्यावा.

मी घसा साफ केला आणि पिशवीतून तक्त्याची वही काढली. माझ्याआधी आप्पाच बोलले.

"डॉक्टर, ह्यो आमचा जावय घेऊन जा," ते म्हणाले. "चार्जिंग लागत नाय. दोन टाइम मावरा खायला घातला, का म्हातारा जागचा हलत नाय."

मी वही गुपचूप पिशवीत ठेवली. तुलनेत मी पहिला आल्याची माझ्या आयुष्यातली ही एकमेव वेळ होती.