वहिनीचं इंग्रजी माझ्या तोंडून

नववीच्या मध्यावर माझं लग्न ठरलं आणि आबांनी माझं नाव शाळेतून काढलं. मी चार दिवस रडले, पाचव्या दिवशी गप्प झाले. दोनच महिन्यांनी याच आबांनी सुनेला मॅट्रिकचा फॉर्म भरू द्यायचं कबूल केलं. पोटच्या मुलीला नाही, सुनेला! दादाची नोकरी धडगावला होती. तिकडे डोंगरात शिकलेल्या बाया मिळत नसत, वहिनी मॅट्रिक झाली की तिथंच मास्तरीण होईल आणि दोघं एकत्र राहतील, असा विचार होता. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी ती कळसाडीत आमच्या चुली फुंकत होती. हे सगळं मला कळत होतं, तरी माझ्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

वर तिला इंग्रजी शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. दुपारी कापूस निवडता निवडता मी तिला ऋतू शिकवले. आपले तीन, इंग्रजांचे चार.

"ऑटम म्हंजे आपलं काय ओ ताई?"

"बोंडं फुटतंस तवय," मी ठोकून दिलं.

ऋतूच्या नावाआधी उगाच 'अ' लावायचा नाही. ठरावीक वर्षाचा उन्हाळा सांगायचा असेल तर 'द' हवा. ऋतू वाक्याच्या सुरुवातीला आला तर पुढे कॉमा, शेवटी आला तर नको. एवढं शिकायला मला महिना लागला होता. वहिनीनं ते दोन दुपारींत उचललं, म्हणून मी तिला उठताबसता वेंधळी म्हणायचे. ती हसायची.

आबांचे मावसभाऊ शहाद्याला हायस्कुलात इंग्रजी शिकवत. त्यांनी परीक्षा घेऊन हो म्हटलं तरच फॉर्म भरायचा, अशी आबांची अट होती. एका रविवारी काका आले. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. काही सांगायचंच झालं तर तिनं नणंदेच्या कानात सांगायचं आणि नणंदेनं मोठ्यानं बोलायचं. परीक्षाही तशीच होणार, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ते दोघं ओट्यावर खाटेवर बसले, वहिनी पदर हनुवटीपर्यंत ओढून दाराआड उभी राहिली, मी उंबऱ्यात.

"हिवाळ्यात आम्ही गहू पेरतो. सांग बघू, विरामचिन्हांसकट," काका म्हणाले.

वहिनीचे ओठ माझ्या कानाला टेकले. "इन विंटर, कॉमा, वी सो व्हीट."

मी मोठ्यानं म्हटलं, "इन अ विंटर वी सो, कॉमा, व्हीट."

वहिनीची बोटं माझ्या दंडात रुतली. काकांनी आणखी दोन वाक्यं विचारली, त्यांचीही मी अशीच वाट लावली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

"हिला साधे ऋतू येत नाहीत. मॅट्रिक कसली होते?" काका म्हणाले.

"आते परीक्षानं नाव काढानं नही," आबा म्हणाले. वहिनी आत जाऊन त्यांच्या चहाला लागली.

पुढे ती सहा वर्षं कळसाडीतच राहिली. दादा धडगावात एकटा हातानं भाकरी थापत राहिला.

परीक्षेच्या त्या रविवारी संध्याकाळी गोठ्यात तिनं मला गाठलं. "ताई, मी तं असं सांगेल नही."

"तूच सांगेल शे," मी म्हणाले. "घाबरीसन तुले ध्यान ऱ्हायनं नही."

आपण असं सांगितलंच नाही, असं ती म्हणत राहिली. मी पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा, तिच्या डोळ्यांत बघून. शिकवलं मीच होतं, मला जास्त कळणार, असं तिला वाटलं असावं. हळूहळू तिची मान खाली गेली.

"मन्हंच चुकनं व्हई," ती म्हणाली. "मन्हामुये तुले काकासमोर खाली देखनं पडनं. माफ कर."

आणि मी तिला माफ केलं.