हिरडीवरची गाठ

यवतमाळच्या दवाखान्यात डॉ. ममता खोब्रागडे यांच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. बोरी अरब गावच्या या बाई तोंडाच्या, जबड्याच्या शस्त्रक्रिया करत. तंबाखू-सुपारीचा खर्रा गालाआड लपवून एखादा पेशंट समोर बसला की त्याची बिनपाण्याने हजामत होई.

त्यामुळे बंजारा तांड्यावरची लालीबाई राठोड नवजात नातीला घेऊन आत आली, तेव्हा आता हिचीही खरडपट्टी निघणार, असं नर्सने धरूनच ठेवलं. बाळाच्या वरच्या हिरडीतून बोराएवढी गुलाबी गाठ ओठाबाहेर लोंबत होती. तोंड मिटत नव्हतं, आईचं दूध ओढता येत नव्हतं. वाटी-चमच्याने पाजलेलं निम्मं गळ्यावरून ओघळे. त्यात गाठीच्या देठाला, चामखिळीला बांधतात तसा, आजीने केस करकचून बांधलेला. हिरडीतून रक्त झिरपत होतं.

“पोरीले दातच नाही, तं दाताच्या डॉक्टरकडं कायले धाडलं?” लालीबाई कुरकुरली. पण ती मनातून पार हादरलेली होती.

ममताबाईंनी टॉर्च मारून नीट पाहिलं. काळीनिळी झाक नव्हती, हाड फुगलेलं नव्हतं, देठ बारीक होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी केस अलगद कापून काढला.

“आजी, चामखीळ वाळून गळते. या गाठीत रक्त खेळते. तुटली असती तं तांड्यावर रक्त कोणं थांबवलं असतं?”

आवाज जराही चढला नव्हता. लालीबाईला रडू फुटलं. “माह्यामुळं झालं का हे?”

“नाही. लाखात एखादं लेकरू अशी गाठ घेऊनच जन्मते. मले कॅन्सरची वाटत नाही, तरी काढून तपासाले धाडू.”

जागा बधिर करून गाठ काढणं चटकन उरकलं. खरी परीक्षा पुढेच होती. बाळाची आई, सुरभी, त्याला छातीशी धरी आणि बाळ मान फिरवून रडे. ओढायचं कसं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. सुरभीचा धीर सुटत चालला.

बाहेर पेशंट खोळंबले होते. ममताबाई मात्र खाटेवर ठाण मांडून बसल्या. बाळाची मान सावरायची, ओठाला दुधाचा थेंब लावायचा, पुन्हा धरायचं. गाठ निघाली म्हणजे काम संपलं, असं या बाईने कधी मानलंच नाही, आणि त्यासाठी तिला हात जोडावेसे वाटतात.

अचानक सुरभी कळवळली. “बाई, लय जोरानं ओढून राह्यली. दुखते.”

“दुखू दे,” ममताबाई म्हणाल्या. डोळे पुसायला त्यांना आधी हातमोजे काढावे लागले.