पाहुण्यांसमोर मराठी

गंगाखेड तालुक्यात डोंगराच्या बाजूला असलेल्या एका तांड्यावरच्या शाळेत पहिलीच्या मुलांसाठी भाषा सहायिका होती. तिचं काम गेल्या पावसाळ्यात बंद करण्यात आलं. कारण एका ओळीचं होतं: मुलांना मराठी येते. ज्या पाहणीवरून हे ठरलं, तिला मी बातमीदार म्हणून हजर होतो.

सहायिका तांड्याचीच सून, बारावी झालेली. गुरुजी मराठीत सांगतील ते मुलांना गोरमाटीत समजावायचं आणि मुलं म्हणतील ते गुरुजींना सांगायचं, एवढं तिचं काम. गोरमाटी ही बंजाऱ्यांची घरची बोली. सहायिका येण्याआधी पहिलीतली मुलं भिंतीला टेकून गप्प बसत आणि दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आईबापांबरोबर ट्रकमध्ये चढत. ती आल्यावर काही मुलं शाळेसाठी मागे राहू लागली. तिची मुलगीही राहिली. ऊसतोडीला जोडपं लागतं; नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. मानधन मिळत होतं म्हणून हिला जावं लागत नव्हतं. नवरा भावाच्या जोडीला जायचा. मुलीला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

मुलांना सहायिकेची गरज आहे का, हे पाहायला समिती सकाळी आली. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, भाषेचे जाणकार म्हणून ओळखले जाणारे. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले वडीलधारे प्रमुख, फेटा बांधून शाळेच्या दारात उभे होते. बायकांनी ओवाळलं. सगळं बोलणं मराठीत चाललं होतं. वर्गात मुलं एकेक करून उठली आणि स्वतःचं नाव, गाव, इयत्ता मराठीत सांगून खाली बसली. ही वाक्यं सहायिकेनंच वर्षभर घोटून घेतली होती.

"छान बोलतात की," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, हे पाठ हाय त्यांचं," सहायिका म्हणाली. "पाठ केल्यालं सोडून काई इचारा."

"तुम्हीच विचारा. तुमच्या भाषेत."

तिनं पुढच्या ओळीतल्या एका मुलीला गोरमाटीत काहीतरी विचारलं. मुलीनं आधी नायकांकडे पाहिलं. मग ती उठली आणि मराठीत म्हणाली, "माझे नाव..." समितीतले दोघे हसले. सहायिकेनं दुसऱ्या मुलाला विचारलं. तोही तेच म्हणाला. ती पुन्हा विचारायला लागली तेव्हा अध्यक्षांनी हात वर केला. "असू द्या, असू द्या. आमचं काम झालं."

पोह्यांच्या वेळी मी नायकांना विचारलं, पोरं गोरमाटीत का बोलली नाहीत?

"कशी बोलतील? काल राती मीच घरोघर सांगितलं ना," ते म्हणाले. "पावणा समोर बसल्याला असताना त्याला कळत न्हाई असं बोलायचं न्हाई. ही आमची रीत हाय. आमी आपसात गिटपिट करायलाव आन् साहेब तोंडाकडं बघायलेत, बरं दिसतं का ते? तुमच्या पेपरात न्हाई का पाळत कुणाचा मान?"

सहायिका बाजूलाच चहा गाळत होती. "नायक, ते आपली बोली ऐकायलाच आले होते," ती म्हणाली.

नायकांचा घास हातातच राहिला. "मंग आधी सांगायचं ना, पोरी."

"मला काल कुणी इचारलं?"

समितीची गाडी अजून निघाली नव्हती. मी अध्यक्षांकडे गेलो, त्यांना ही रीत सांगितली आणि मुलं एकटी खेळत असतील तिथे पंधरा मिनिटं लांब उभं राहून ऐका, अशी विनंती केली. नायकांनीही येऊन हात जोडले. "साहेब, आत्ता बोलवा पोरं. मी आता मराठीत 'बसा' म्हणतच न्हाई कुणाला."

"रीतभात अहवालात घालता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "जे ऐकलं ते लिहायचं. आणि यांच्या बोलण्यात तरी शुद्ध काय उरलंय? सकाळपासून मी टिपतोय. मुकादम उर्दू, शाळा मराठी, जेवणाला मघाशी एक बाई ऊटा म्हणाली, ते कन्नड. ही भाषा मराठीत विरघळलेली आहे."

ऊटा हा शब्द कर्नाटकातल्या उसाच्या फडांवरून आला. माणसं वर्षातले सहा महिने जिथे राहतात, तिथले शब्द घेऊन परततात. पण ते शब्द बसतात गोरमाटीच्या वाक्यात. क्रियापद तिचं, प्रत्यय तिचे. हे जाणकाराला सांगावं लागू नये.

मी याच जिल्ह्यातल्या मानवतचा. आमच्या अडत दुकानात हिशेबाची भाषा निम्मी उर्दू होती, देवघरात लिंगपूजेतले काही शब्द कन्नड, शाळेत मराठी. शाळेतले गुरुजी स्वतः "काय करायलास रे" असं विचारायचे. माझी भाषा भेसळीची म्हणून आमच्या वर्गातला शिक्षक कुणी काढून घेतला नाही. पुढे पुण्यात बातमी वाचून दाखवताना माझ्या बोलण्याला लोक हसले, तेवढंच. हसणं सोसता येतं. तांड्यावर शिक्षा पहिलीतल्या मुलांना झाली, आणि तीही आमचा मान राखल्याबद्दल. त्या दिवशी मला राग आला. हे लिहितानाही तो कमी झालेला नाही.

मी बातमीत रीत लिहिली, वर्गातला प्रसंग लिहिला, अध्यक्षांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत दिलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या. मथळा होता, "तांड्यावरील मुले अस्खलित मराठीत, समितीकडून कौतुक". मी डेस्कला फोन केला. उपसंपादक म्हणाला, "अरे, चांगलीच बातमी आहे की. कुणाची तक्रार आहे?"

तक्रार होती. सहायिकेची आणि नायकांची सही असलेला अर्ज मी स्वतः शिक्षण कार्यालयात नेऊन दिला. फेरपाहणी करा, एवढीच मागणी. कारकुनानं तो वाचला आणि विचारलं, "मराठी येते म्हणून तक्रार? लोकांना येत नाही म्हणून असते." शेजारच्या टेबलावरचे हसले. पोच मिळाली. उत्तर आलं नाही.

काम बंद झाल्याचं कळलं त्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. नायक ओट्यावर होते. मला पाहून त्यांनी खाट झटकली, पण नेहमीसारखं "या, बसा" म्हणाले नाहीत. गोरमाटीत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. आतून सहायिका म्हणाली, "दादा, बसा म्हणायलेत. आता पावण्याशी असंच बोलणार म्हणत्यात."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो.

"आता बरोबर असून काय करायचं," ती म्हणाली.

दिवाळी झाल्यावर टोळी कर्नाटकात निघाली. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. संध्याकाळी मुख्याध्यापकांना फोन करून खात्री केली. सहायिका नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये होती. मुलगीही होती.