खारवलेल्या गावातलं निळं पिंप

निलेशचा फोन सकाळी सव्वानऊला आला. "काका, बाबा गेलं," एवढंच तो बोलला. मग मागून कुणाचं तरी रडणं ऐकू येत राहिलं... "तुमी निघा. तुमी येईपर्यंत न्हेनार न्हाय." जनार्दन, म्हणजे माझे मावसभाऊ जनूभाऊ, चहा पिऊन ओट्यावर बसले होते. बसल्या जागीच गेले. वय चौसष्ट. दहाव्याला जमलेल्यांतल्या एका पाहुण्याने अंगणातल्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "म्हातारपणी छान छंद लावून घेतला होता त्यांनी." छंद हा शब्द चुकीचा होता. तेवढी दुरुस्ती करावी म्हणून हा मजकूर.

न्हावा शेव्याकडे कंटेनर नेणाऱ्या रस्त्यापासून आमचं गाव पायी दहा मिनिटांवर आहे. खाडीच्या कडेने बांध, बांधाच्या आत भातशेती, पलीकडे मिठागरं. जनूभाऊंनी पावसात भात केलं आणि उन्हाळ्यात मीठ पिकवलं. काही वर्षांपूर्वी एका उधाणात बांध फुटला. दुरुस्ती कुणी करायची हे ठरेपर्यंत आणखी दोन उधाणं शेतात शिरली. भात उगवेना. मग घरामागची विहीर मचूळ झाली, परसातली भाजी गेली. गावातल्या बहुतेकांनी जमिनी कंटेनर ठेवायला भाड्याने दिल्या. निलेशने ट्रेलर घेतला आणि तो उभा करण्यासाठी घरासमोरच्या अंगणात काँक्रीट टाकायचं ठरवलं. जनूभाऊंनी नकार दिला.

"तिथं काय उगवतंय, बाबा? दुर्वापन येत न्हाय."

"मी उगवून दावतो."

"कवा?"

"ऋषीच्या भाजीला."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, आमच्याकडे बायका उपास करतात. त्या दिवशीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगर न फिरलेल्या जागेतलंच लागतं. पूर्वी ती सगळी परसातून यायची. बांध फुटल्यापासून बाजारातून येत होती. बापलेकांत ठरलं ते असं: पंचमीला हिरावहिनींच्या, म्हणजे निलेशच्या आईच्या, टोपात घरची भाजी पडली तर अंगण राहील, नाही तर विसर्जनानंतर काँक्रीट.

वैशाखात जनूभाऊंनी भंगारवाल्याकडून दोन निळी पिंपं आणली. आत खाण्याचं तेल होतं, रसायन नव्हतं, याची दोनदा चौकशी केली. एकाचं तोंड कापून त्यात पाणी भरलं. दुसरं उभं चिरून त्याची पन्हळ केली, ती चिऱ्यांवर मांडली आणि धुतलेल्या खडीने भरली. जुन्या कूलरचा पंप खालचं पाणी वर चढवायचा. ते खडीतून झिरपून परत खाली पडायचं. खाली मासे, वर भाजी. माशांच्या घाणीवर भाजी वाढते, भाजीमुळे पाणी निवळतं आणि तेच पाणी माशांना परत मिळतं. हे त्यांनी फोनवरचे हिंदी व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. व्हिडिओत सांगितलेली एक गोष्ट मात्र त्यांनी सोडून दिली. नळाचं पाणी भरलं त्याच संध्याकाळी आठ चिलापी मासे आत सोडले. दुसऱ्या दिवशी दोन उलटे तरंगत होते. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जायला दोन दिवस लागतात, आणि माशांच्या घाणीचं खत करणारे जिवाणू रुजून खडी कामाला लागायला महिना-सव्वा महिना. "मिठागरात पान्याला उन्हात बसवतो, तसंच हाय हे," ते मला म्हणाले. "मना ठावं होतं. घाई केली." पुढे त्यांनी घाई केली नाही. पाच आठवडे उरलेल्या सहा माशांना चिमूटभर दाणा घालत, बी न टाकता, ते रोज त्या ओल्या खडीसमोर बसत. येणारे-जाणारे विचारत, "जनूभाऊ, दगडाला पानी घालताव काय?" ते म्हणत, "व्हय. दगडच पिकवतंय."

लाल माठ आणि मिरची वर आली आणि आषाढात माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी दिसू लागली. मिठागरावर वाढलेला माणूस घसा धरला तरी मीठ घेतो, बैलाचा खूर चिघळला तरी मीठ भरतो. जनूभाऊंनी स्वतःच्या आगरातलं मीठ घेतलं आणि तीन दिवस रोज तांब्याभर पिंपात टाकलं. मासे बरे झाले. आठवड्याभरात माठाच्या पानांच्या कडा जळाल्या, मग रोपं आडवी झाली. निलेश ट्रेलरवरून आला, पन्हळीत बघितलं आणि हसला.

"शेत दर्यानं खारवलं, पिंप तुमी खारवलं. आता टेन्शन घेऊ नका, काँक्रीटवाल्याला सांगतो."

"दर्यानं परत गोडं करून दिलं का कवा? मी देतो. गणपती अजून यायचंत."

मासे पाण्याच्या घमेल्यात काढून वर टोपली झाकली. पिंप बादली बादली करून उपसलं. खडी तीन वेळा धुतली. तिसऱ्या धुण्याचं पाणी बोटाने जिभेवर घेऊन चाखलं आणि चौथ्यांदा धुतली. नवं पाणी दोन दिवस बसवून मासे परत सोडले आणि श्रावण लागता लागता पुन्हा माठ पेरला. खडी धुतली त्या रविवारी मी तिथे होतो. मदत करू का विचारलं तर म्हणाले, "तू लिव. लिवायचं काम तुजं."

खरी अडचण मात्र स्वयंपाकघरात होती. माठ वीतभर झाला तेव्हा हिरावहिनींनी स्पष्ट सांगितलं.

"माशाच्या मुतावरची भाजी उपासाला? माज्या टोपात न्हाय पडनार."

"आपल्या विहिरीत मासं नव्हतं? त्याच पान्यानं देव धुवायचीस."

"विहिरीतलं मासं मी पाळलं नव्हतं."

जनूभाऊ म्हणाले, "बैल लागला न्हाय, नांगर लागला न्हाय. मातीपन लागली न्हाय. ऋषीला आनखी काय पायजे, ते ईचार त्याला." वहिनी आत निघून गेल्या. निलेशने माझ्याकडे बघून डोळा मारला. पिकाबद्दल आता त्यालाही शंका नव्हती; आई ते टोपात घालणार नाही, याबद्दलही नव्हती.

पंचमीच्या सकाळी वहिनी आंघोळ करून, ओल्या केसांनीच अंगणात आल्या. आम्ही तिघेही ओट्यावर होतो. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पन्हळीतला माठ मुळासकट उपटला, पांढरी मुळं खडीतून सरसर निघाली. त्या मुळांना मातीचा कण नव्हता. त्यांनी ती बोटांत धरून बराच वेळ पाहिली... मग जुडी बांधली, तीनदा धुतली आणि विळीवर बसल्या. टोपात अळू होतं, भेंडी होती, भोपळा होता, सगळं बाजारातलं. माठ त्यावर पडला. "निलेश," त्या मान वर न करता म्हणाल्या, "ट्रेलर रस्त्याला लाव." जनूभाऊंना उपास नव्हता. ती भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. जिंकल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. निलेशला मीठ हवं का, एवढं मात्र विचारलं.

त्यानंतर ते पाच महिने जगले. बांध अजून फुटलेलाच आहे.

गेल्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा अंगण भाड्याने मागायला एक माणूस येऊन गेला होता. "मोकळं न्हाय," वहिनींनी दारातूनच सांगितलं होतं. अंगणात निलेश नवीन पिंप चिरत बसला होता. घामाघूम. पाइप ट्रेलरच्या जुन्या नळीचा होता आणि एका पिंपात नळाचं पाणी दोन दिवसांपासून उघडं ठेवलं होतं; सोडायचे मासे तोवर शेजारच्या घमेल्यात थांबले होते. वहिनी तांदूळ निवडता निवडता बघत होत्या.

"वाकडं कापलंस. तुजा बाप असता तर ओरडला असता."

"वाकडं तर वाकडं. आत पानी सरळच बसनार हाय ना, आये?"

कड खरोखरच वाकडी होती, एका बाजूला चांगली दोन बोटं. निलेशने पन्हळ उचलून चिऱ्यांवर ठेवली आणि खडी धुवायला घेतली.